नव्या आवृत्तीत आपल्या वाट्याला काय आले?

फोनच्या पडद्यावर अधूनमधून एक सूचना येते: 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे.' सोबत सुधारणांची एक यादी असते. रंग बदलले, चिन्हांचे कोपरे गोल झाले, घड्याळ मोठे झाले, छायाचित्रांची मांडणी नवी झाली. जामसंड्यातल्या आम्हा काही शिक्षकांच्या फोनवर अशी सूचना येते, तेव्हा मधल्या सुट्टीत हमखास चर्चा होते. तरुण सहकारी लगेच होकाराचे बटण दाबतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "चाललंय ते बरं चाललंय, कशाला हात लावायचा?"

या दोन्ही प्रतिक्रियांमध्ये एक प्रश्न राहून जातो. सुधारणा कोणाच्या सोयीची, आणि ती सुधारणा आहे हे ठरवायचे कसे? विद्यार्थ्याच्या प्रगतीची नोंद करताना आपण काही निकष धरतो. तसेच निकष फोनच्या कार्यप्रणालीला का लावू नयेत? म्हणून आम्ही चार वेगवेगळ्या वयांचे फोन टेबलावर मांडले आणि गेल्या काही वर्षांतल्या सुधारणा मराठी वाचणाऱ्या माणसाच्या नजरेने तपासल्या. आपल्याकडे अँड्रॉइड ही प्रणाली सर्वाधिक आढळते, म्हणून येथे मुख्यतः तिचाच विचार केला आहे. निकष एकच ठेवला: फोन ज्याच्या हातात आहे त्याला तो अधिक वाचता आला का आणि त्याच्यावर अधिक ताबा मिळाला का?

कार्यप्रणाली म्हणजे काय?

फोनचे यंत्र आणि त्यावर चालणारी ॲप्स यांच्या मधला व्यवस्थापक म्हणजे कार्यप्रणाली. पडद्यावर अक्षर उमटवणे, स्मृतीतली जागा वाटून देणे, कॅमेरा कोणाला वापरू द्यायचा हे ठरवणे, ही सारी तिची कामे. शाळेत घंटा, वर्गांचे वाटप आणि प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्यासारखे तिचे स्थान आहे. अँड्रॉइडची पहिली आवृत्ती २००८ साली आली. तेव्हापासून साधारणपणे दरवर्षी नवी आवृत्ती येते. शिवाय २०१५ पासून दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही प्रसिद्ध होतात. त्या पडद्यावर दिसत नाहीत, पण दाराच्या बिजागऱ्या तपासण्याइतक्याच त्या आवश्यक असतात.

पहिली सुधारणा: अक्षर धड उमटणे

आमच्या यादीत पहिला क्रमांक ज्या सुधारणेला मिळाला ती आज कोणाला सुधारणा वाटतही नाही. ती म्हणजे देवनागरी अक्षर पडद्यावर नीट दिसणे. २०१० च्या आसपासच्या अनेक फोनवर मराठी संदेश आला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. काही फोनवर अक्षरे दिसत, पण वेलांटी भलत्या ठिकाणी आणि जोडाक्षरे सुटी सुटी. अँड्रॉइडच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०११-१२ च्या सुमारास, हे चित्र पालटू लागले.

हे काम अवघड का होते? 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात वि, द्या, र्थी अशी तीन अक्षरे दिसतात. फोनच्या स्मृतीत मात्र दहा संकेत एका ओळीत साठवलेले असतात: व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते 'व'च्या नंतर, पण काढायची 'व'च्या आधी. 'र' साठवला जातो 'थ'च्या आधी, पण तो रफार होऊन 'थ'च्या डोक्यावर चढतो. रोमन लिपीत साधारणपणे एका संकेताला एक आकृती पुरते. देवनागरीत मात्र प्रत्येक शब्दाची मांडणी नियमांनी करावी लागते.

हे काम करणाऱ्या एका मुक्त प्रणालीचे नाव 'हर्फबझ' असे आहे. अँड्रॉइडमध्ये तीच वापरतात. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर. 'त्याने हरफही काढला नाही' असे आपण म्हणतो, त्यातला हरफ हाच.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. फोनवर 'विद्यार्थी' लिहा आणि खोडण्याची कळ एकेकदा दाबा. बहुतेक कळफलकांवर आधी दीर्घ वेलांटी जाईल, मग 'थ' जाईल आणि त्याच क्षणी डोक्यावरचा रफार खाली उतरून पाय मोडलेला 'र्' होईल. रफार म्हणजे 'आधी उच्चारला जाणारा र' हे व्याकरणाच्या तासाला फळ्यावर सांगूनही पटत नाही. येथे ते मुलांना दिसते.

या संकेतांचाही एक इतिहास आहे. भारतीय लिपींसाठीचे आपले राष्ट्रीय मानक 'इस्की' १९९१ साली निश्चित झाले. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिपींना एकत्र आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. पण मराठीच्या काही गरजा मागे राहिल्या. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ साली. ज्या 'ॲप'वाचून आज फोनचे पान हलत नाही, त्या शब्दाचे पहिले अक्षर तोपर्यंत 'अ', एक अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र यांची मोट बांधून लिहावे लागे.

आमच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक चव आहे. दर्या आणि दऱ्या हे दोन्ही शब्द आमच्या रोजच्या बोलण्यातले. देवगडच्या बंदराकडे उतरलात की दर्या, सह्याद्रीकडे वळलात की दऱ्या. लिहिताना फरक फक्त रफार आणि चंद्रकोरीसारखा 'ऱ' यांचा. जुन्या फोनवर दऱ्यांचा दर्या होई आणि आचाऱ्याचा आचार्य! आज दोन्ही नीट उमटतात. मात्र 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारांनी साठवता येतो. 'ऱ' चा स्वतंत्र संकेत वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधू गेल्यास काही ॲप्सना तो सापडत नाही. शाळेच्या हजेरीपटात एखादे आडनाव 'सापडत नाही' असे उत्तर आले, तर नाव नाही असे मानण्याआधी ते दुसऱ्या रीतीने लिहून पाहावे.

अक्षर उमटवणे हे किती नाजूक काम आहे याचा पुरावा फेब्रुवारी २०१८ मध्ये साऱ्या जगाला मिळाला. तेलुगूतील 'ज्ञा' या जोडाक्षराची एक विशिष्ट रचना संदेशात आली की आयफोनची ११.२.५ ही आवृत्ती ती मांडू शकत नसे आणि ते ॲपच बंद पडे. १९ फेब्रुवारीला ११.२.६ ही आवृत्ती आली तेव्हा हा दोष गेला. ज्ञानातल्या 'ज्ञा'नेच इतक्या महागड्या यंत्राची परीक्षा घ्यावी, हा योगायोग गमतीचा खरा. पण आपल्या लिपींची चाचणी किती कमी होते हेही त्यातून कळले.

दुसरी सुधारणा: भाषा आणि अंक यांची निवड

२०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत फोनची स्वतःची भाषा म्हणून मराठी मिळाली. २०१६ च्या सातव्या आवृत्तीत भाषांचा पसंतिक्रम लावता येऊ लागला. आणि २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत आमच्या मते सर्वांत समंजस सुधारणा आली. प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येऊ लागली. बँकेचे ॲप मराठीत, नकाशा इंग्रजीत, बाकीचा फोन मराठीत. आपण सगळे घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि कार्यालयीन पत्रात निम्मे इंग्रजी शब्द वापरतो. माणूस एका वेळी एकाच भाषेत राहत नाही, हे फोनला उशिरा का होईना उमगले. अर्थात ॲप तयार करणाऱ्याने मराठी दिलीच नसेल तर ही सोय निरुपयोगी ठरते.

अंकांची गोष्ट थोडी वेगळी. फोन मराठीत केला की घड्याळही सहसा १०:४५ असे देवनागरी अंकांत दिसू लागते. हिंदीत केला तर रोमन अंकच राहतात. याचे कारण निरनिराळ्या भाषांचे संकेत नोंदवणारी युनिकोडची एक सामायिक सूची. तीत मराठीसाठी देवनागरी अंक मूळ पसंती म्हणून नोंदले आहेत, हिंदीसाठी रोमन.

आमच्यापैकी एकाच्या घरी यावरून घडलेला प्रसंग सांगण्यासारखा आहे. आजीचे शिक्षण चौथीपर्यंतचे. फोन मराठीत करून दिला तेव्हा घड्याळ पाहून ती म्हणाली, "ह्यां आता माका वाचूक येता!" औषधाच्या वेळेचा गजर ती स्वतः पाहू लागली. पण सुट्टीत आलेल्या, इंग्रजी माध्यमातल्या नातवाने 'दुपारी १' ही वेळ '9' समजून वाचली आणि आजीला सांगितले, "आजी, गोळी रात्री नऊला आहे." आजीने चष्मा लावून पुन्हा पाहिले, म्हणून गोळी वेळेवर गेली. '१' हा '9' सारखा दिसतो, '४' हा '8' सारखा. एकाच घरात दोन अंकलिपी नांदत असतील तर अशी चूक कधीही होऊ शकते.

म्हणून २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीतले प्रादेशिक पसंतीचे पान आम्हाला महत्त्वाचे वाटते. तेथे तापमानाचे एकक, आठवड्याचा पहिला वार आणि अंकांची पद्धत भाषेपासून वेगळी निवडता येते. आजीचा फोन देवनागरी अंकांत आणि नातवाचा मराठी भाषा पण रोमन अंक असा ठेवता येतो. उणीव आहे ती ॲप तयार करणाऱ्यांकडून. एका अर्जात आम्ही देवनागरी अंकांत जन्मदिनांक भरला, तर 'अंक भरा' असा उलट आदेश मिळाला! ज्याने ही आज्ञावली लिहिली त्याच्या लेखी ० ते ९ हे अंकच नव्हते.

तिसरी सुधारणा: चाळिशीची दखल

चाळिशी लागलेल्या शिक्षकाला मोठे अक्षर हवे असते. पूर्वी अक्षर मोठे केले की सगळेच मोठे होई. मथळा पडद्याबाहेर जाई आणि 'रद्द करा' हे बटण सापडेनासे होई. चौदाव्या आवृत्तीत अक्षराचा आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर याआधी ही मर्यादा १३० टक्के होती. त्यातली हुशारी अशी की वाढ सरसकट केलेली नाही. बारीक मजकूर जास्त वाढतो, आधीच मोठा असलेला मथळा त्या मानाने कमी वाढतो. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलासाठी आपण फळ्यावरची बारीक टीप मोठी लिहितो, धड्याचे नाव आणखी मोठे करत बसत नाही. तसेच हे आहे.

याच्या जोडीला ओळींच्या उंचीचा प्रश्न येतो. ज्या लिपींत मुख्य अक्षराच्या वर आणि खाली चिन्हे लागतात, त्यांना रोमन लिपीच्या मापाने आखलेली ओळ अपुरी पडते. तेराव्या आवृत्तीत अशा लिपींसाठी ओळींची उंची सुधारली. त्या वेळी तमिळ, तेलुगू, बर्मी, तिबेटी ही उदाहरणे दिली गेली होती. देवनागरीची अडचणही त्याच जातीची आहे. वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. उकार कापला गेला तर शब्दाचा अर्थच बदलतो. 'पुरा' आणि 'परा' यांत फरक तेवढाच.

चौथी सुधारणा: विचारून वापरणे

२०१५ पूर्वी ॲप घेतानाच त्याच्या सर्व मागण्या एकदम मान्य कराव्या लागत. सहाव्या आवृत्तीपासून ॲपला कॅमेरा, ध्वनिग्राहक किंवा ठावठिकाणा हवा असेल तेव्हा विचारावे लागते. पुढे २०१९ मध्ये 'ॲप वापरत असतानाच' ठावठिकाणा देण्याची, २०२० मध्ये एकाच वेळेपुरती परवानगी देण्याची आणि २०२१ मध्ये अचूक जागेऐवजी अंदाजे परिसर देण्याची सोय झाली. त्याच वर्षी कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक चालू असल्यास कोपऱ्यात खूण दिसू लागली. हवामान सांगणाऱ्या ॲपला आपण जामसंड्यात आहोत एवढे पुरते, कोणत्या वाडीत कोणत्या घरात आहोत हे लागत नाही. हा विवेक आता यंत्रात आला.

पण येथेच वरच्या तिन्ही सुधारणांचा संबंध येतो. प्रश्न वाचता आला नाही, अक्षर बारीक असले, भाषा परकी असली, तर माणूस होकारावर बोट ठेवून मोकळा होतो. तो होकार त्याचा म्हणायचा का? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय असावा अशी तरतूद आहे. त्या बावीस भाषांत मराठी आहे. कायद्याची ही अपेक्षा पडद्यावर उतरायची तर अक्षर, आकार आणि भाषा या तिन्ही गोष्टी आधी जमायला हव्यात.

जे जमले नाही

समीक्षा करायची तर दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष शब्दांचा. 'व्यत्यय आणू नका' हे अँड्रॉइडमधले मराठी आम्हाला आवडले. नेमके, अर्थ लगेच कळणारे. उलट अपंगांसाठीच्या सोयींचे पान जुन्या फोनवर 'प्रवेशयोग्यता' या नावाखाली होते आणि नव्या फोनवर 'ॲक्सेसिबिलिटी' झाले. पहिला शब्द कळत नव्हता, दुसरा नुसता लिप्यंतरित. 'वापरायला सोपे' म्हटले असते तर काय बिघडले असते?

चौदाव्या आवृत्तीत वापरणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे वाक्य बदलण्याची सोय ॲप तयार करणाऱ्यांना दिली आहे. मराठीला ती फार उपयोगी आहे. 'तुम्ही सामील झाला आहात' हे वाक्य आमच्या सहकारी बाईंना फोन वर्षानुवर्षे ऐकवत आला, 'झाल्या आहात' त्याला सुचले नाही. पण ही सोय वापरलेले मराठी ॲप आम्हाला अजून आढळलेले नाही.

दुसरा दोष अक्षरवळणाचा. मराठीतले 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे आणि राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठी वळण प्रमाण ठरवले आहे. काही टंकांत दोन्ही रूपे असतात आणि मजकूर मराठी असल्याचे कळले तर मराठी रूप निवडले जाते. पण पुष्कळ ठिकाणी मजकूर कोणत्या भाषेतला हे सांगितलेलेच नसते. पहिलीतले मूल पुस्तकात एक 'ल' गिरवते आणि आईच्या फोनवर दुसराच पाहते. शिक्षकाने मुलाला चूक म्हणायचे की फोनला?

तिसरा दोष सर्वांत मोठा. या सुधारणा ज्यांना हव्यात त्यांच्यापर्यंत त्या पोहोचतच नाहीत. आमच्या चार फोनांपैकी सर्वांत जुना आठव्या आवृत्तीवर थांबला आहे. त्याचे यंत्र चालते, घट धरतो, पण निर्मात्याने पुढची आवृत्ती दिली नाही. आणि हाच फोन घरातल्या आजीकडे किंवा विद्यार्थ्याकडे जातो. मोठे अक्षर, अंकांची निवड, एकवेळची परवानगी यांची ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांच्याच हातात त्या नसतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. २०१७ साली गूगलने प्रणालीचा गाभा आणि यंत्राशी निगडित भाग वेगळे केले, जेणेकरून नवी आवृत्ती देणे निर्मात्यांना सोपे व्हावे. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या सॅमसंग एस २४ ला सात वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन मिळाले, पण हे महाग फोन आहेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या प्रकारच्या फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा द्याव्या लागतात. हा नियम स्वस्त फोनलाही लागू आहे. आपल्याकडे फोन घेताना आपण कॅमेऱ्याचा आकडा विचारतो. 'सुधारणा किती वर्षे मिळतील?' हा प्रश्न दुकानात विचारायला आपणही सुरुवात केली पाहिजे.

वर्गात करून पाहण्यासाठी

आठवी ते दहावीच्या मुलांना एक छोटा प्रकल्प देता येईल. प्रत्येकाने घरातल्या फोनची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख वहीत लिहून आणावी. माहिती फोनच्या सेटिंग्जमध्ये, फोनविषयीच्या पानावर मिळते. मालकाचे नाव किंवा क्रमांक लिहू नये. फळ्यावर या नोंदींचा स्तंभालेख काढावा. आपल्या गावातले किती फोन किती मागे आहेत हे मुलांना स्वतःच्या आकडेवारीवरून कळेल, आणि स्तंभालेखाचा सरावही होईल. त्यासोबत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द प्रत्येक फोनवर लिहून, ते कसे दिसतात आणि शोधले असता सापडतात का, हे पाहावे.

शेवटी एक काम घरासाठी. मुलांनी आजी-आजोबांचा फोन घ्यावा आणि त्यांना विचारून, त्यांच्या समोर, तीन गोष्टी कराव्यात. भाषा त्यांना हवी ती करावी, अंक त्यांना वाचता येतील असे ठेवावेत, आणि अक्षर त्यांना चष्म्याशिवाय दिसेपर्यंत मोठे करावे. मग औषधाची वेळ मोठ्याने वाचायला सांगावी. ती त्यांना बिनचूक वाचता आली, तर सुधारणा पोहोचली असे आम्ही समजू.